पडणे आणि पाडणे

नवव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी पडदा हलकेच स्वतःकडे वळवला, त्याच क्षणी मला कळायला हवे होते. गर्भाची लांबी 9 मिलिमीटर भरली, म्हणजे वाढ जेमतेम सात आठवड्यांची होती. “ठोके लागत नाहीत,” त्या म्हणाल्या. माझी मळमळ सुरूच होती, अंगावरून थेंबभरही रक्त गेले नव्हते, पोटात साधी कळही आली नव्हती. गर्भाची वाढ थांबल्याचे शरीराला काही दिवस कळतच नाही, असेही घडते, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा समजले. 7 मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या गर्भात ठोके नसतील तर निदान जवळजवळ पक्के मानतात. तरीही आठवड्याने पुन्हा तपासणी झाली, आणि मनातली शंका मिटण्यासाठी मला तिची गरज होती.

केसपेपरवर ‘गर्भपात’ हा शब्द वाचून मी हादरले. गर्भ पडणे आणि गर्भ पाडणे यांत एका कान्याचाच फरक आहे, आणि ‘गर्भपात’ म्हटले की तोही उरत नाही. ऐकणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात, आणि जिचा गर्भ आपोआप गेला ती स्वतःच्याही नकळत आरोपी होऊन उत्तरे शोधू लागते. मीही गेल्या दोन महिन्यांतला एकेक दिवस उकरून काढला.

खरे कारण बहुधा आपल्या दिनक्रमात नसतेच. गर्भ राहिल्याचे कळल्यानंतर 100 पैकी सुमारे 10 ते 20 गर्भधारणा अशा संपतात, त्यांतल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्या सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निदान निम्म्यांच्या मुळाशी गुणसूत्रांमधला दोष असतो, जो बीज एकत्र येतानाच ठरून गेलेला असतो. वय वाढते तसे हे प्रमाण वाढते. जिना चढणे, नेहमीचे घरकाम, प्रवास किंवा शरीरसंबंध यांमुळे गर्भ पडत नाही, आणि अंथरुणाला खिळून राहिल्याने तो वाचतो असेही दिसलेले नाही. ही वाक्ये डॉक्टरांनी मी न विचारता सांगितली, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे, कारण विचारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

पुढे तीन मार्ग होते: आपोआप होण्याची वाट पाहणे, गोळ्या घेणे, किंवा ज्याला आपण सरसकट ‘क्युरेटिंग’ म्हणतो ती पिशवी रिकामी करण्याची छोटी शस्त्रक्रिया, जी आता बहुधा खरवडून न करता नळीने शोषून करतात. प्रकृती स्थिर असेल तर निवड बाईने करायची असते, आणि एकदोन दिवस विचार केल्याने सहसा काही बिघडत नाही. मी गोळ्या निवडल्या. आधी मिफेप्रिस्टोन, दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. कळा पाळीच्या दुखण्यापेक्षा कितीतरी तीव्र होत्या, लाटेसारख्या येत होत्या, आणि रक्ताच्या मोठ्या गाठी पडल्या. परिचारिकेने हे सारे आदल्या दिवशी स्पष्ट शब्दांत सांगून ठेवले नसते, तर मी भेदरून गेले असते.

तिने आणखी एक ताकीद दिली होती. सलग दोन तास, दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल, चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, तर घरी थांबायचे नाही. एका बाजूला तीव्र दुखत असेल किंवा खांद्याच्या टोकाशी वेदना होत असेल, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत असण्याची शक्यता असते आणि तेव्हा प्रत्येक मिनिट मोलाचे ठरते. रक्तगट निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या गर्भाला रक्तगटाच्या विसंगतीपासून जपणारे) लागेल का, हे आवर्जून विचारावे.

तीन आठवड्यांनी केलेली गर्भचाचणी निगेटिव्ह आली. पाळी येण्यापूर्वीच पुन्हा दिवस जाऊ शकतात, हे तेव्हाच कळले. शेवटच्या भेटीत मी डॉक्टरांना केसपेपरवरच्या त्या शब्दाविषयी बोलले. त्यांनी पेन काढले आणि ‘गर्भपात’च्या आधी, ओळीच्या वरच्या जागेत, ‘आपोआप झालेला’ असे लिहिले.