लहान बाण, दोन जाती

आज दिवसभर उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी सू लोकांचे, त्यातही त्यांच्या लाकोटा शाखेचे, लहान बाण बघितले. लहान बाण म्हणजे पर्यटकांसाठीचा, हा समज चुकीचा आहे. मुलांचे बाण खरोखर मारायचे असत. चोकचेरीसारख्या झुडपाची सरळ फांदी सोलून वाळवायची, चरबी चोळून विस्तवावर गरम करायची आणि वाक हातानेच काढायचा. घाईने ओली वापरली तर वाळताना पुन्हा वाकते. पक्षी आणि सशांसाठी टोक बोथट. बरेचदा दांड्याच्याच लाकडातून कोरलेलं, म्हणून निखळायचा प्रश्नच नाही.

ओळख पटते ती बांधणीवरून. पिसं बसवायला जनावराच्या पाठीतल्या कंडरेचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्टीचे) तंतू तोंडात ओले करून दांड्यावर गुंडाळतात. वाळताना ते आकसतात, चिकटतात, गाठ मारावीच लागत नाही. ओल लागली की मात्र हीच बांधणी सैल पडते. विक्रीच्या बाणावर बहुधा सुती दोरा, भडक रंगवलेली पिसं, गिरणीतली एकसारखी गोल काठी, पातळ पत्र्याचं पातं. मागच्या टोकाची, धनुष्याची दोरी बसते ती खाचही तपासा: जुन्या बाणाचा दांडा तिथे फुगीर असतो, चिमटीत पकड यावी म्हणून. विक्रीच्या बाणात ही फुगीर बाजू सहसा गाळलेली असते.

तरी त्याला 'नकली' म्हणणं मला पटत नाही. 1880च्या दशकात बायसन, म्हणजे तिथली रानटी गुरं, जवळजवळ संपले, शिकारीचं जगणं गेलं, माणसं रिझर्वेशनवर, म्हणजे सरकारने नेमून दिलेल्या राखीव जमिनीवर, अडकली. बाण बनवणारे हात तेच होते, गिऱ्हाईक बदललं. कुणाकडे असा बाण असेल तर तो ताणून मारू नका. जुनी बांधणी सुटते आणि खाचेपासून दांडा चिरतो.