पाचवी तार

लेकीकडे नॉर्थ कॅरोलायनात येऊन महिना झाला. दर शनिवारी ती शेतकऱ्यांच्या बाजारात भेंडी आणायला जाते आणि मी पिशवी धरायला. परवा टोमॅटोवाल्याच्या पलीकडे झाडाखाली पाच म्हातारे गोल करून बसले होते. दोन फिडल (म्हणजे व्हायोलिनच), एक गिटार, उभा बास आणि एकाच्या मांडीवर डफाला दांडा बसवावा तसलं काहीतरी.

"बाबा, तो बँजो."

मला बेंजो शिकवतेय! आमचा बेंजो विसर्जनाचा. त्याला टाईपरायटरसारखी बटणं, टेम्पोवर कर्णे, मागे ताशा. चाळीच्या बेंजो पार्टीत मला दोन वर्षं घेतलं होतं, खुळखुळ्यावर. चाल बदलो, गल्ली बदलो, माझं आपलं छुक छुक तेच. आई गॅलरीतून कौतुकाने बघायची. पहिल्या वर्षी तरी.

हा बँजो निराळाच निघाला. याचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. गुलाम करून आणलेल्या माणसांनी इथे भोपळ्याला कातडं ताणून तो पुन्हा घडवला. तुणतुण्याचाच चुलता म्हणा. चार तारा नीट वरपर्यंत जातात आणि पाचवी आखूड, दांड्यावर वाटेतच तिची खुंटी. ती सहसा दाबायचीच नाही. अंगठ्याने छेडायची, सूर तोच. बाकीच्या चौघी काय वाटेल ते करोत.

मी तिथेच खिळलो.

याच राज्यातला अर्ल स्क्रग्ज १९४५ साली बिल मन्रोच्या बँडमध्ये गेला. हा मन्रो म्हणजे ब्लूग्रास नावाच्या इथल्या गावरान संगीताचा जनक. तिथे स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो असा काही वाजवू लागला, की ब्लूग्रास म्हटलं की लोकांना त्याचा बँजोच आठवावा. ब्लूग्रासमध्ये आळीपाळीने एकेकाने पुढे यायचं, करामत दाखवायची, टाळ्या घ्यायच्या. हे म्हातारे त्याच्याही आधीच्या वळणाचे. नखाने वरून खाली झटका, मग अंगठा. सगळे एकच धून एकदम वाजवतात, दहा-दहा मिनिटं, बाजाराकडे पाठ करून. भजनी मंडळ तरी कुठे लोकांकडे तोंड करून बसतं? मला हेच आवडतं. वाद्य वाजवता वाजवता टाळ्यांसाठी मान वर करणारा माणूस दिसला की माझा त्या वाद्यावरचाच जीव उडतो. (यात सतारीचे बरेच कार्यक्रम गेले.)

धून संपवायची असली की एकजण पाय उचलतो. बस्स. फेरी पुरी झाली की सगळे एकदम गप्प.

मधल्या वेळात बँजोवाल्या आजोबांना मी फोनवर आमच्या मिरवणुकीचा व्हिडिओ दाखवला. म्हटलं, हाही बेंजो. त्यांनी फोन कानाशी नेला, डोळे मिटले.

"कुठली की?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "बऱ्याच आहेत. टाईपरायटरसारख्या."

लेकीने कपाळावर हात मारला. ते स्वराची पट्टी विचारत होते म्हणे. पट्टी बदलली की बँजोच्या तारा नव्याने लावाव्या लागतात, म्हणून ही मंडळी तासन् तास एकाच पट्टीत बसतात.

मग पुढची धून सुरू झाली. अर्धा किलो भेंडीची पिशवी लय धरायला वाईट नसते, एवढं सांगतो.