तारा लावण्याआधी आणि लावल्यानंतर: दात सरळ करतानाचा माझा अनुभव

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी दातांना तारा लावून घ्यायचे मी ठरवले, तेव्हा चेहरा चांगला दिसावा हा त्यामागचा मुख्य हेतू नव्हता. माझ्या खालच्या जबड्यातले पुढचे दात एकमेकांवर चढलेले होते आणि वरचा डावा सुळा ओळीबाहेर येऊन ओठाला टेकत होता. अशा दाटीत ब्रशचे केस पोहोचतच नाहीत. त्यामुळे खालच्या दातांच्या मागच्या बाजूला कीट, म्हणजे घट्ट झालेला थर, साचत राही, ते वरचेवर काढून घ्यावे लागे आणि तरीही दात घासताना थुंकीत रक्त दिसे. आमच्या नेहमीच्या दंतवैद्यांनी शेवटी स्पष्टच सांगितले की ही दाटी अशीच राहिली तर साफसफाईचा उपयोग तात्पुरताच होणार, तेव्हा एकदा ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना, दाखवून या. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर या विषयात तीन वर्षांचे एमडीएस हे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडेच जा, असेही त्यांनी बजावले.

मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. गावातल्याच एका ऑर्थोडॉन्टिस्ट बाईंकडे मी गेले. पहिल्या भेटीत तारांविषयी फारसे बोलणे झाले नाही. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे, दातांचे साचे आणि छायाचित्रे एवढे झाल्यावर डॉक्टरांनी खुणा असलेली एक बारीक सळई घेऊन प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीची खोली मोजली. ही खोली तीन मिलिमीटरपर्यंत असेल आणि मोजताना रक्त येत नसेल, तर हिरडी निरोगी समजतात. माझ्या काही दाढांजवळ ती पाच मिलिमीटर भरली आणि बहुतेक ठिकाणी रक्त आले. डॉक्टर म्हणाल्या, “मॅडम, या हिरड्यांवर मी तार लावणार नाही. आधी सूज उतरू दे, दाढेतली कीड भरून घ्या, आणि रक्त थांबल्याची माझी खात्री झाली की मग आपण दिवस ठरवू.” त्या क्षणी मी थोडी हिरमुसले, परंतु आज संपूर्ण उपचारातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय कोणता असे कोणी विचारले, तर मी हाच सांगेन.

त्यामागचे कारण त्यांनी प्लास्टरचा नमुना हातात घेऊन समजावले आणि ते प्रत्येक प्रौढ रुग्णाला ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते. भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा दात हाडात रुतलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचे अत्यंत पातळ, सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे आवरण असते आणि त्या तंतूंनी दात हाडाशी बांधलेला असतो. तारेने सौम्य आणि सतत दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड विशिष्ट पेशी विरघळवतात आणि विरुद्ध बाजूला, जिथे तंतू ताणले जातात, तिथे दुसऱ्या पेशी नवे हाड घालतात. असे करत दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जोर वाढवल्याने हा वेग वाढत नाही. उलट त्या ठिकाणचा रक्तपुरवठा दबतो, दात काही काळ अडून बसतो आणि मुळाचे टोक झिजण्याचा धोका वाढतो. हे सगळे निरोगी हिरड्यांमध्ये सुरळीत चालते. हिरड्यांना सूज असेल, तर दातावर साचलेल्या जीवाणूंच्या थरामुळे हाड आधीच खाली खाली जात असते आणि त्याच वेळी दात हलवला, तर हाडाची ही हानी अधिक वेगाने होते आणि ती भरून येत नाही. म्हणजे दात सरळ होतील, पण त्यांना धरून ठेवणारे हाड कमी झालेले असेल.

म्हणून आधी हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे जाणे आले. जागा बधिर करून हिरडीच्या आतले, मुळांवर चिकटलेले कीट त्यांनी टप्प्याटप्प्याने काढले. एका दाढेतली कीड भरून झाली. काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी झाली तेव्हा बहुतेक ठिकाणची खोली तीन मिलिमीटरवर आली होती आणि रक्त जवळजवळ थांबले होते. या मधल्या काळात माझी एक मावशी घरी आली होती. तिने मायेपोटी मशेरी लावण्याचा सल्ला दिला, कारण आमच्याकडच्या जुन्या बायकांचा मशेरीने हिरड्या घट्ट होतात यावर दृढ विश्वास आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच असते. ती हिरड्यांमधला रक्तप्रवाह कमी करते, त्यामुळे रक्त येणे थांबल्यासारखे वाटते आणि आतला आजार मात्र चालू राहतो. हे मी मावशीलाही शांतपणे समजावून सांगितले.

दाटी सोडवायला जागा हवी होती आणि त्यासाठी वरच्या-खालच्या मिळून चार उपदाढा, म्हणजे सुळ्यामागच्या छोट्या दाढा, काढाव्या लागणार होत्या. निरोगी दात काढायला मन सहज तयार होत नाही, त्यामुळे दुसऱ्या तज्ज्ञांचे मतही मी घेतले. दात पुढे ढकलून जागा करायची म्हटली तर खालच्या पुढच्या दातांची मुळे हाडाच्या पातळ कडेवर येतील आणि तिथली हिरडी उतरेल, हे दोघांनीही एक्स-रेवर दाखवले, तेव्हा माझी शंका मिटली. दाढांचा एकमेकींवर बसण्याचा मेळ माझ्या बाबतीत योग्यच होता. एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्याने १८९९ मध्ये वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या आधारे केलेले वर्गीकरण आजही वापरतात आणि त्यानुसार माझे दात पहिल्या वर्गात मोडत होते.

प्रकार निवडताना मी साधे धातूचे ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवण्यासाठी दातावर चिकटवायचे छोटे तुकडे, घेतले. सिरॅमिकचे ब्रॅकेट कमी दिसतात, पण ते आकाराने थोडे मोठे असतात. दातांवर बसवायचे पारदर्शक साचे, म्हणजे अलायनर, जेवताना आणि दात घासताना काढता येतात, ही त्यांची मोठीच सोय आहे. मात्र ते दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडात राहायला हवेत आणि माझ्यासारख्या दात काढून केलेल्या उपचारात तारेवर नियंत्रण अधिक चांगले मिळते, असे डॉक्टरांचे मत होते. मुंबईत राहणाऱ्या माझ्या भाचीचे उपचार दंत महाविद्यालयात झाले. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पण खर्च बराच कमी येतो. ज्यांना खाजगी दवाखान्याचे हप्ते परवडत नाहीत, त्यांनी या मार्गाची चौकशी अवश्य करावी.

ब्रॅकेट बसवताना मुळीच दुखत नाही. दाताच्या इनॅमलवर काही सेकंद फॉस्फरिक आम्लाचा लेप लावतात, त्याने पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत होतो आणि त्यावर चिकटद्रव्याने ब्रॅकेट बसवून निळ्या प्रकाशाने ते घट्ट करतात. मायकल ब्युनोकोर या अमेरिकी दंतवैद्यांनी १९५५ मध्ये ही आम्लाची पद्धत मांडली. ती ब्रॅकेटसाठी रूढ होण्याआधी प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा बसवावा लागे, आणि तोंड स्वच्छ ठेवणे त्या काळी किती अवघड असेल याची कल्पना मला पुढे आपोआप आली. पहिली तार निकेल-टायटेनियमची, बारीक आणि लवचीक होती. ती वाकड्या दातांमध्ये वाकवून बसवली तरी हळूहळू आपल्या मूळ आकाराकडे परतते आणि दातांना सोबत घेऊन येते. दुखणे काही तासांनी सुरू झाले, दुसऱ्या दिवशी सर्वाधिक होते आणि आठवड्याभरात ओसरले. पॅरासिटामॉल, मऊ भात आणि गालाला टोचणाऱ्या ब्रॅकेटवर लावायचे मेण एवढ्यावर ते निभावले. वर्गात बोलताना सुरुवातीला जीभ अडखळे; तेही लवकरच सुधारले.

खरे काम त्यानंतर सुरू होते आणि ते घरी, आरशासमोर करायचे असते. ब्रॅकेट बसले की प्रत्येक दातावर अन्न अडकण्याच्या नव्या जागा तयार होतात: ब्रॅकेटच्या वर, खाली, तारेमागे आणि हिरडीच्या कडेला. मी मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून आधी हिरडीची कडा, मग ब्रॅकेटची वरची बाजू आणि नंतर खालची बाजू अशा क्रमाने घासत असे. तारेखाली आणि दोन दातांमध्ये बाटली घासण्याच्या ब्रशच्या आकाराचा इवलासा इंटरडेंटल ब्रश फिरवावा लागे. रात्री कडक टोक असलेला फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, तारेखालून ओवून घेत असे. हे सारे नीट करायला दहा मिनिटे लागतात आणि ती रोज रात्री द्यावीच लागतात. डॉक्टरांनी दिलेल्या रंगाच्या गोळीचा मला विशेष उपयोग झाला. ती चघळून चूळ भरली की जिथे जीवाणूंचा थर राहिलेला असतो तिथे रंग चढतो. माझा रंग नेहमी सुळ्यांजवळ, हिरडी आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या अरुंद पट्टीत दिसे, त्यामुळे तिथे एकाच गुच्छाचा छोटा ब्रश वापरू लागले.

हीच अरुंद पट्टी सर्वांत जास्त धोक्यात असते. साखर मिळाली की थरातले जीवाणू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. दातावरील सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) सुमारे ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजे विरघळू लागतात आणि लाळेला तो पूर्ववत करायला अर्धा तास ते तासभर लागतो. ब्रॅकेटभोवती थर राहिला, तर महिन्याभरातही खडूसारखे पांढरे डाग उमटू शकतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे ब्रॅकेट निघाले तेव्हा तिचे दात अगदी सरळ होते, पण प्रत्येक दातावर ब्रॅकेटच्या आकाराची चौकट पांढरी पडलेली होती. हे सुरुवातीचे डाग काही अंशी फिके होतात, खोल गेलेले मात्र राहतात. म्हणून किमान १००० पीपीएम फ्लोराइड असलेली टूथपेस्ट, घासून झाल्यावर फक्त थुंकून टाकणे आणि पाण्याने खळखळून चूळ न भरणे, तसेच दिवसातून एकदा वेगळ्या वेळी फ्लोराइडच्या द्रवाने चूळ भरणे, हे मी उपचार संपेपर्यंत पाळले. क्लोरहेक्सिडीनचे माउथवॉश मात्र उपदाढा काढल्यावर थोडे दिवसच दिले होते, कारण ते दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात.

खाण्यापिण्याच्या बाबतीत सांगलीत राहणाऱ्याची परीक्षा जरा कठीणच आहे. इथले बेदाणे घरोघरी येता-जाता तोंडात टाकले जातात, आणि फळ असले तरी ते दाताला चिकटून राहतात व त्यातली साखर तिथेच थांबते. भडंगाचे चुरमुरे आणि शेंगदाण्याचे कण तारेखाली घट्ट बसतात. ऊस दातांनी सोलणे पूर्ण बंद केले. चिक्की, कडक चकली, मक्याचे कणीस आणि सुपारी यांनी ब्रॅकेट निघतो, आणि निघालेला ब्रॅकेट म्हणजे त्या दाताचा काही आठवड्यांचा खोळंबा. पेरू, सफरचंद आणि गाजर मी फोडी करून दाढेने खात असे. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली तर काहीच त्रास होत नाही. इथल्या हळदीने ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरे दोन जेवणांत पिवळी होतात, म्हणून मी राखाडी रंगाची रबरे मागून घेत असे. त्यात आरोग्याचा प्रश्न नाही, केवळ दिसण्याचा आहे. शिक्षक-कक्षातला चहा हा मात्र आरोग्याचाच प्रश्न होता. साखरेचा चहा दिवसभर थोडा थोडा घेत राहिले, तर दातांना आम्लापासून विसावाच मिळत नाही, हे समजल्यावर सकाळचा आणि दुपारचा असे दोनच चहा ठेवले आणि मधल्या वेळी पाणी पिऊ लागले.

उपदाढा काढून झालेली जागा बंद करण्याच्या टप्प्यावर वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत रबरे लावायची होती. ती स्वतः काढता-घालता येत असल्याने त्यांचा परिणाम सर्वस्वी रुग्णाच्या हातात असतो. दर महिन्याच्या भेटीत डॉक्टर पंधरा-वीस मिनिटे काम करत, परंतु तार बदलण्याआधी त्या हिरड्या तपासत आणि ठरावीक काळाने हिरड्यांच्या तज्ज्ञांकडून सफाई झाल्याची नोंद पाहिल्याखेरीज पुढे जात नसत. एकदा खालच्या हिरडीला किंचित सूज दिसली, तेव्हा त्यांनी नवी तार न घालता जुनीच ठेवली आणि सूज उतरल्यावर बोलावले. त्यांच्या या शिस्तीबद्दल मला अत्यंत आदर आहे.

सुमारे दोन वर्षांनी ब्रॅकेट निघाले आणि उरलेले चिकटद्रव्य घासून काढले गेले. दातांवर डाग नव्हते. त्यानंतर रिटेनरचा, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनाचा, टप्पा आला आणि तो वगळता येत नाही, कारण हिरडीतल्या ताणलेल्या तंतूंना नव्या जागी स्थिरावायला वर्षभर लागू शकते आणि तोवर ते दातांना मागे ओढत राहतात. माझ्या खालच्या सहा दातांमागे बारीक तार कायमची चिकटवलेली आहे आणि वरच्या दातांसाठी काढता येणारा पारदर्शक रिटेनर आहे. हा रिटेनर आता फक्त रात्री घालते आणि साध्या थंड पाण्याने धुते, कारण गरम पाण्यात त्याचा आकार बिघडतो. मागच्या तारेपाशी कीट जमण्याची माझी जुनी प्रवृत्ती कायम असल्यामुळे तिथला फ्लॉस सुटलेला नाही. मध्यंतरी ती तार एका दातावरून निसटल्याचे जिभेला जाणवले, तेव्हा त्याच आठवड्यात पुन्हा चिकटवून घेतली. दर सहा महिन्यांनी हिरड्यांची मोजणी आणि सफाई चालू आहे. शेवटच्या मोजणीत उजवीकडच्या एका दाढेजवळ चार मिलिमीटर खोली आढळली, बाकी सर्वत्र ती तीन किंवा त्याहून कमी आहे. त्या दाढेसाठी डॉक्टरांनी थोडा जाड इंटरडेंटल ब्रश दिला आहे आणि पुढची तपासणी सहाऐवजी तीन महिन्यांवर ठेवली आहे.