बेस गिटार, महिना चौथा: सूर थांबवायला शिकतेय

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, कारण एकाच गाण्यावर अडकले होते. परवा ते सुटलं, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते.

गाणं बेन ई. किंगचं 'स्टँड बाय मी', 1961 चं. नवशिक्यांना हे का सुचवतात ते वाजवायला बसलं की कळतं. सुरुवातीला बेस जवळजवळ एकटाच असतो, त्यामुळे कानाने ओळ उचलता येते. कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) चारच. दोन बार (चार मात्रांचा एक) ए, दोन एफ शार्प मायनर, एक डी, एक ई, परत दोन ए. हे आठ बारचं आवर्तन शेवटपर्यंत बदलत नाही. पहिला आठवडा मी फक्त रूट नोट, म्हणजे कॉर्डचे मूळ सूर, वाजवल्या: जाड ई तारेवर पाचवा आणि दुसरा फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर), ए तारेवर पाचवा आणि सातवा. मग मूळ ओळ बसवली.

सूर बरोबर होते, मेट्रोनोमचा (ठेका देणाऱ्या यंत्राचा) ठेकाही चुकत नव्हता. तरी फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं की गाणं चिखलात पाय रुतल्यासारखं चालायचं. तीन आठवडे मी लय सुधारत बसले आणि दोष लयीत नव्हताच.

तो बाबांनी पकडला. बाबा गावच्या भजनात तबला वाजवतात, बेस गिटार त्यांनी माझ्याच हातात पहिल्यांदा पाहिली. दारात उभं राहून दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, "तुझे सगळे बोल खुले आहेत गं. बंद बोल कुठेत?" धा घुमू द्यायचा, पण तिरकिटला बोटं पुडीवरच राहतात, नाद तिथल्या तिथे मिटतो. माझा प्रत्येक सूर पुढच्या सुरावर सांडत होता.

मग मूळ रेकॉर्डिंग हेडफोन लावून परत ऐकलं. त्यात लॉयड ट्रॉटमन यांचा उभा डबल बेस आहे. त्याचा छेडलेला सूर 'दुम' करून लवकर विरतो. माझ्या इलेक्ट्रिक बेसवर नव्या तारा, सूर लांबतच जातो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन ब्रिजपाशी (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथे) फोम ठेवायचे, हे वाचलेलं आठवलं. भांडी घासायचा नवा स्पंज घेतला, हिरवा खरखरीत थर काढला, बोटभर रुंद पट्टी कापून ब्रिजला लागून तारांखाली सरकवली. पहिल्याच सुराला अंगावर काटा आला. ते गाणं माझ्या हातून ऐकू येत होतं!

दहा दिवसांनी स्पंज काढला. त्याने प्रत्येक सूर सारखाच दबतो, आणि किती लांबवायचा हे मला ठरवायचं होतं. डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब सोडायचा. इथे एक फसगत आहे. पाचव्या किंवा सातव्या फ्रेटच्या आसपास एकच बोट हलकं टेकलेलं राहिलं तर 'टिंग' असा बारीक हार्मोनिक (तार नुसती स्पर्शल्यावर निघणारा उंच सूर) उमटतो. म्हणून दाब सोडतानाच बाकीची बोटंही तारेवर आडवी टेकवायची. उजवा अंगठा ई तार वाजवताना पिकअपवर (तारांखालच्या आवाज टिपणाऱ्या पट्टीवर), ए तारेवर गेलं की ई तारेवर, नाहीतर ती मोकळी तार खालून घुमत राहते. हे अंगवळणी पडायला मला दोन आठवडे लागले.

बाकी किरकोळ. मोकळ्या ई तारेचा सूर 41 हर्ट्झच्या आसपास असतो, फोनच्या स्पीकरला तो झेपत नाही, तेव्हा सराव हेडफोनवरच करा. त्या तारेवर ट्यूनर गोंधळला तर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक वाजवून लावा. आणि 34 इंच लांब तारांच्या बेसवर खालच्या फ्रेट्सना माझा पंजा पुरत नाही, म्हणून अनामिका आणि करंगळी जोडीने एकाच फ्रेटवर दाबते. मनगट दुखायचं थांबलं.

आता जॉन डीकन यांनी लिहिलेलं क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट', 1980 चं. मुद्दाम निवडलं. तीन ठोस ई, मग शांतता. मी तो ई मोकळ्या तारेवर वाजवते, त्यामुळे सोडायला दाबच नसतो. डाव्या हाताची बोटं नेमक्या क्षणी तारेवर ठेवावी लागतात, तीही आवाज न करता. मूळ गाणं मिनिटाला 110 ठोक्यांच्या आसपास आहे, मी 80 वर आहे. काल रात्री सलग सोळा आवर्तनं झाली, आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या ई नंतर खोलीतल्या पंख्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. आज 84.