वनस्पतिविज्ञानाची पदवी परवडते का? तुम्ही विचारलंत म्हणून

"हे शिकून पोट भरतं का?" वनस्पतिविज्ञानात पदवी घेतलेल्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. प्रवेशाचे दिवस आले की ओळखीपाळखीचे पालक मला फोन करतात आणि दरवेळी मी ठासून 'हो' म्हणते. आवाज जरा चढतोच, कारण बहुतेकांनी उत्तर मनाशी आधीच ठरवलेलं असतं. आज एकदा सगळं सांगते. इतकी वर्षं जे गाळत आले, तेसुद्धा.

शाखेचं नाव एक असलं तरी वाटा वेगळ्या आणि पगारही वेगळे. पीकपैदास, संख्याशास्त्र, जनुकांचा डेटा हाताळणं ज्याला येतं त्याला बियाणे कंपन्या विचारतात. रोग ओळखता येणाऱ्याला बीजपरीक्षण, क्वारंटाइन (बाहेरून येणाऱ्या रोपांची रोगतपासणी), पीकविमा इथे काम असतं. नुसती वर्गीकरणाची ओढ असेल, तर हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, जागा फार थोड्या. शिवाय बऱ्याच ठिकाणी पहिली पदवी पुरत नाही. पुढे शिकण्यात जी वर्षं जातात त्यांतला न मिळालेला पगारही खर्चात धरा. तो कुणी धरत नाही, मीही धरला नव्हता.

माझी पहिली नोकरी ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत होती, वनस्पतीच्या लहानशा तुकड्यापासून बाटलीत केळीची रोपं वाढवण्याची. लॅमिनार फ्लोसमोर, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटासमोर, बसायचं, स्कालपेल ज्योतीवर धरायचं, कोंबांचा झुपका फोडायचा आणि नव्या बाटलीत लावायचा. शेजारच्या मुलींचे हात माझ्यापेक्षा चपळ होते. त्यांच्याकडे पदवी नव्हती, आणि आमच्या पगारातला फरक नावापुरता होता. दर महिन्याला शिक्षणकर्जाचा हप्ता गेला की तो फरकही संपायचा.

एका दुपारी हार्डनिंगच्या, म्हणजे रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावण्याच्या, शेडमध्ये काही ट्रेंपाशी मी थबकले. रोपं हिरवीगार, तजेलदार होती, पण पानं आखूड आणि रुंद, देठ तोकडे, पानं एकमेकांना चिकटून आलेली. पट्टी घेऊन लांबी-रुंदी मोजत गेले. ही बुटकी निघणार होती. असं झाड उंची घेत नाही, घड नीट बाहेर पडत नाही, आणि शेतकऱ्याला ते कळतं तेव्हा कित्येक महिने, खत आणि पाणी जमिनीत गेलेलं असतं. रजिस्टर काढलं. बाटलीतल्या एका मूळ कल्चरची फोड साधारण आठ-दहा वेळांपुढे नेऊ नये, नाहीतर अशी बिघडलेली रोपं वाढतात, असं आम्ही शिकलो होतो. इथे सतरावी चालू होती.

वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "गाडी उद्या सकाळी लागतेय. रोपं गेली तरच तुझा पगार होणार." डिस्पॅचच्या कागदावर तपासणाऱ्याची सही लागायची. पाच तारखेला हप्ता होता. मी सही केली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढच्या लॉटच्या वेळी मात्र हात पुढे गेला नाही आणि नोकरी गेली. नंतरचे अकरा महिने काम नव्हतं, आणि त्या अकरा महिन्यांचे हप्ते ताईने भरले. ती स्वतः बारावीनंतर नोकरीला लागलेली. एकदाही बोलून दाखवलं नाही तिने.

बाराव्या महिन्यात रोपांच्या प्रमाणीकरणाचं काम मिळालं, आणि ते त्याच नजरेमुळे मिळालं. मुलाखतीत समोर दोन ट्रे ठेवले होते, मी पानाला हात न लावता बुटकी रोपं दाखवली. आज माझा पगार चांगला आहे. फोनवर 'हो' म्हणते ते या शेवटच्या पानावरून, मधली पानं उलटून टाकते.

पूर्वी मी आणखी एक करायची. कुणी फारच ताणून धरलं की जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांचं उदाहरण द्यायची. मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघून त्यांनी सांगितलं, की जनुकांचे काही तुकडे जागा बदलतात. 1951 मध्ये ते मांडलं तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही, आणि 1983 मध्ये नोबेल मिळालं. बत्तीस वर्षं! ऐकणारा गप्प व्हायचा. पण त्या काळात मॅक्लिंटॉक अमेरिकेतल्या कार्नेगी या संशोधन संस्थेत पगारावर होत्या, हे मी सांगत नसे. धीर धरायला त्यांच्या पाठीशी पगार होता, माझ्या पाठीशी ताई होती. ज्याच्या पाठीशी कुणीच नाही त्याला ते उदाहरण देऊन मी काय साधत होते?

मग 'नाही' म्हणू का? तेही जमत नाही. ती पानं पदवीशिवाय मला दिसली नसती. पण दिसूनही मी सही केलीच ना! त्या गाडीतली रोपं ज्यांनी लावली त्यांनी माझ्या शिक्षणाची किती किंमत मोजली, ते कोणत्या रकान्यात लिहायचं, मला समजत नाही.

परवा ताईनेच विचारलं, तिच्या मुलीसाठी. "पाठवू का हिला याच शाखेला?" मी कागद घेतला. फी लिहिली, वर्षं लिहिली, आणि मधे काम नसण्याचे किती महिने धरायचे ते तिलाच विचारलं.

"अकरा धर," ती म्हणाली.

कागद अजून टेबलावर आहे. बेरीज केलेली नाही.