इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिकायला लागला की

गाडीचा इंडिकेटर एका बाजूला नेहमीसारखा चालतोय आणि दुसऱ्या बाजूला लावला की एकदम घाईघाईत टिकटिकतोय, असं झालं तर गाडी तुम्हाला काहीतरी सांगतेय. त्या बाजूच्या दिव्यांपैकी एक लागत नाहीये किंवा नीट लागत नाहीये. साध्या बल्बवाल्या गाडीत एका बाजूला पुढे २१ वॅटचा, मागे २१ वॅटचा आणि बाजूला छोटा ५ वॅटचा असे दिवे असतात. एवढ्या दिव्यांना मिळून किती करंट लागतो हे फ्लॅशर रिलेला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या छोट्या स्विचला, ठाऊक असतं, तो कमी पडला की रिले मुद्दाम वेग वाढवतो म्हणजे ड्रायव्हरला आत बसल्या बसल्या कळावं. नवीन गाड्यांमध्ये वेगळा रिले नसतो, सगळं गाडीतला कंप्युटर बघतो आणि टिकटिक आवाजसुद्धा बऱ्याचदा स्पीकरमधून काढलेला असतो, पण इशारा तोच.

माझ्या गाडीने हा इशारा गेल्या आठवड्यात दिला. संध्याकाळी ऑफिसमधून येताना एका मोठ्या राउंडअबाउटवर, म्हणजे मधल्या गोलाला वळसा घालून जायच्या चौकात, उजवीकडचा इंडिकेटर लावला आणि टिकटिक बदललेली लगेच ऐकू आली.

आता भारतात राहणाऱ्यांना वाटेल एक दिवा गेला तर एवढं काय, म्हणून सांगते. ब्रिटनमध्ये राउंडअबाउट पावलोपावली आहेत आणि तिथे बहुतेक ठिकाणी सिग्नल नसतो, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि बाकी सगळा कारभार इंडिकेटरवर चालतो. पहिल्याच रस्त्याने बाहेर पडायचं असेल तर येतानाच डावा लावायचा, उजवीकडे जायचं असेल तर उजवा लावून आत शिरायचं आणि आपल्या आधीचा रस्ता मागे पडला की डावा लावून बाहेर पडायचं. बाहेर थांबलेला माणूस तुमचा डावा दिवा बघून आपली गाडी पुढे काढतो, हॉर्न नाही, हात दाखवणं नाही, नजरानजर पण नाही. तुमच्या दिव्यावर विश्वास ठेवून तो निघालेला असतो. मला इथली ही गोष्ट मनापासून आवडते आणि म्हणूनच दिवा खराब असताना गाडी चालवायला मला भीती वाटते, त्या रात्री घरी येईपर्यंत जीव मुठीत होता.

शिवाय इथे गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी असते, त्यात सगळे दिवे लावून बघतात. गाड्या नापास होण्याच्या कारणांत दिव्यांचा नंबर कायम वर असतो. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे असा नियमच आहे. आणि एमओटी पास आहे म्हणून मधल्या काळात खराब दिव्याने फिरलेलं चालत नाही, तो तेव्हाही गुन्हाच.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घरासमोर लावली आणि भाच्याला मागे उभं केलं, तो इकडे शिकायला आलाय आणि सध्या आमच्याकडेच राहतो. मला वाटलं होतं मागचा बल्ब उडालेला असणार, बदलला की झालं. पण तो म्हणाला, "मावशी, बल्ब लागतोय गं, पण एकदम मंद. आणि थांब, परत लाव ना जरा... इंडिकेटरबरोबर खालचा लाल दिवापण लुकलुकतोय."

हे त्याने बघितलं म्हणून पुढचं सगळं काम सोपं झालं. कारण बल्ब उडालेला असता तर तो लागलाच नसता. इंडिकेटर मंद, आणि शेजारचा ज्याचा काही संबंध नाही असा दिवा त्याच्याबरोबर मिणमिणतोय, हे जवळजवळ कायम खराब अर्थिंगचं, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीत परत जायची वाट बिघडल्याचं लक्षण असतं. कसं ते सांगते. मागच्या टेललॅम्पमध्ये इंडिकेटर, ब्रेक, पार्किंग असे तीन-चार बल्ब असतात, प्रत्येकाला करंट आणणारी वायर वेगळी पण परत जायला बऱ्याच गाड्यांत सगळ्यांना मिळून एकच अर्थची वायर. लग्नाच्या हॉलमधलं अख्खं वऱ्हाड एका अरुंद दारातून बाहेर पडावं तसं. ते दार अडलं की इंडिकेटरचा करंट दुसरी वाट शोधतो, शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा जातो आणि लांबून कुठूनतरी अर्थला पोचतो, म्हणून दोघंही अर्धवट पेटतात. एकूण करंट कमी होतो, रिलेला वाटतं बल्ब गेलाय, टिकटिक वाढते.

काही उघडायच्या आधी आणखी एक गोष्ट करून बघा, हॅझर्ड लावा, म्हणजे चारही बाजूंचे इंडिकेटर एकदम लुकलुकतात ते. इंडिकेटर अजिबातच लागत नसतील पण हॅझर्ड व्यवस्थित लागत असतील तर बल्ब आणि त्यांच्या वायरी ठीक आहेत, बिघाड स्टिअरिंगजवळच्या दांडीत किंवा फ्यूजमध्ये शोधायचा. फ्यूज जरूर बघा, पण ती दांडी मात्र घरी उघडू नका, तिथे लगेच एअरबॅग असते, ते काम शिकलेल्या माणसाचं. माझ्या गाडीत हॅझर्ड लावल्यावर मागचा उजवा तेवढा मंद, बाकी सगळे झकास, म्हणजे बिघाड त्याच लॅम्पपाशी.

लॅम्प काढणं सोपं होतं. इग्निशन बंद, डिकी उघडून आतलं प्लास्टिकचं झाकण काढलं, दोन नट सोडवले आणि लॅम्प दोन्ही हातांनी धरून सरळ मागे ओढला. तिरका ओढला तर बाजूच्या प्लास्टिकच्या खुंट्या तुटतात, त्यामुळे इथे घाई नको. मग कनेक्टर काढला आणि कारण समोरच दिसलं. बाकीच्या पिना चकचकीत, आणि काळ्या वायरची एक पिन करपल्यासारखी, तिच्या भोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलेलं. अर्थची वायर बऱ्याच गाड्यांत काळी किंवा तपकिरी असते. ब्रेक, पार्किंग आणि इंडिकेटर एकाच वेळी लागले की त्या एवढ्याशा पिनेतून जवळजवळ ४ अँपिअर जातो, पिन थोडी सैल किंवा गंजलेली असेल तर तिथे उष्णता होते, उष्णतेने ती अजून सैल होते, अजून तापते, असं ते वाढतच जातं. लॅम्पच्या आत थोडा दमटपणा पण होता. हिवाळ्यात इथे बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर उडून फटीफटीत जातं आणि तांब्या-पितळेच्या भागांवर हिरवट पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, तसंही थोडं होतं.

डोळ्यांना दिसलं तरी व्होल्ट मोजायच्या मीटरने खात्री करून घेतली आणि ही युक्ती मला फार महत्त्वाची वाटते. पुष्कळ जण बल्ब काढून रिकाम्या होल्डरमध्ये मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि वायर चांगली आहे असं ठरवून मोकळे होतात. पण एखाद्या धाग्याएवढी तार शिल्लक असली तरी रिकाम्या होल्डरला १२ व्होल्ट दिसतात, कारण करंट जातच नसतो. म्हणून बल्ब आत ठेवून, कनेक्टर परत लावून, दिवा चालू असताना मोजायचं. मीटरची एक टोकणी होल्डरच्या अर्थच्या पट्टीवर, दुसरी गाडीच्या बॉडीच्या उघड्या धातूवर. तिथे जवळपास शून्य यायला हवं, ०.२ व्होल्टच्या वर गेलं की शंका घ्यायची. माझ्याकडे दिवा लागला की चार-पाच व्होल्टपर्यंत उडी जात होती. म्हणजे बल्बला मिळायला हवे ते व्होल्ट त्या करपलेल्या पिनेतच संपत होते!

दुरुस्ती अशी केली. परत इग्निशन बंद, कनेक्टर काढला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन आणि तिची खोबण दोन्ही साफ केली, अगदी बारीक पॉलिश पेपरची चिंचोळी पट्टी कापून काळा थर घासून काढला, मग बारीक टोच्याने खोबणीचे ओठ किंचित आत दाबले म्हणजे पिन घट्ट बसेल. होल्डरमधल्या पत्र्याच्या पट्ट्या पण तशाच साफ केल्या आणि शेवटी थोडंसं इलेक्ट्रिकल ग्रीस लावलं म्हणजे ओल आत येणार नाही. प्लास्टिक वितळलेलं असतं तर एवढ्यावर भागलं नसतं, मग अर्थची वायर कापून नवीन टर्मिनल दाबून लावायचं किंवा कनेक्टरच बदलायचा. परत मोजलं तर ०.१ व्होल्ट. भाचा मागून ओरडला, "लागला, एकदम भारी!" आणि टिकटिकपण नेहमीची झाली.

बल्ब तसा चालू होता तरी काच आतून काळवंडलेली होती म्हणून नवीन घातला. बल्ब घेताना एक लक्षात ठेवा. पारदर्शक काचेच्या लॅम्पमध्ये इंडिकेटरचा बल्बच नारिंगी असतो, त्याला पीवाय२१डब्ल्यू म्हणतात, आणि तसाच दिसणारा साधा पांढरा तो पी२१डब्ल्यू. पांढऱ्याच्या दोन खुंट्या समोरासमोर असतात आणि नारिंगीच्या थोड्या तिरक्या, ते मुद्दाम तसं केलंय म्हणजे चुकीचा बल्ब बसूच नये. बसत नसेल तर जोर लावू नका, नंबर तपासा. दाबायचं आणि फिरवायचं, एवढंच.

मैत्रिणीने विचारलं की एवढं उघडलंच होतंस तर एलईडी का नाही टाकलास. त्याबद्दल माझं मत ठाम आहे, बल्बसाठी बनवलेल्या इंडिकेटरमध्ये एलईडी नको. एलईडी करंट खूप कमी घेतो, रिलेला वाटतं बल्ब उडाला आणि सगळं चांगलं असूनही टिकटिक दुप्पट होते. मग लोक सोबत जास्तीचा करंट खाणारा ६ ओहमचा रेझिस्टर लावतात, त्यात १२ व्होल्टला २४ वॅटची नुसती उष्णता तयार होते, तो हात लावता येणार नाही इतका तापतो आणि बरेच जण तो प्लास्टिकलाच चिकटवून ठेवतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढे खरंच दिवा गेला तर गाडी तुम्हाला सांगणार नाही, कारण रेझिस्टर करंट घेतच राहतो. ज्या इशाऱ्यामुळे मला त्या राउंडअबाउटवर कळलं तोच आपण पैसे देऊन बंद करायचा, हे मला पटत नाही.

दमटपणाचं कारणही निघालं, लॅम्पच्या मागचं पाणी अडवणारं स्पंजसारखं गास्केट चपटं होऊन एका कोपऱ्यात फाटलं होतं. ते बदललं नसतं तर पुढच्या हिवाळ्यात पिनेची हीच गत. लॅम्प दिवसभर घरात कोरडा होऊ दिला, नवीन गास्केट लावलं, नट हातानेच फिरवून शेवटी पान्याने जरासेच आवळले, जास्त आवळले तर प्लास्टिकला तडा जातो.

डाव्या बाजूचा कनेक्टरपण उघडून बघितला, तिथली पिन अजून चांगली आहे, नुसतं ग्रीस लावून बंद केला. एमओटी पुढच्या महिन्यात आहे. मागे उभं राहायला कोणी नसेल तर अंधार पडल्यावर गाडीची पाठ भिंतीकडे करून लावा आणि पार्किंग, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर एकेक करून आरशात भिंतीवरचा उजेड बघा. दोन्ही बाजूंचा उजेड सारखा पडला पाहिजे, आणि इंडिकेटर लुकलुकताना लाल उजेड अजिबात हलता कामा नये.