दाभण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे आधी सर उभे राहिले. कोणते सर, हे आपल्या शाळेत कुणाला सांगायला नको.

मोकळ्या तासाला सर 'हॅम्लेट' वाचून दाखवत. 'टू बी ऑर नॉट टू बी' या भाषणात राजपुत्र मरणाचा विचार करतो, तिथे 'बेअर बॉडकिन' हे शब्द आले आणि ते थांबले. म्हणाले, बॉडकिन म्हणजे बारीक, टोकदार खंजीर. पण शेक्सपियरच्या काळी जाड सुईला आणि केसांत खोचायच्या काट्यालाही हाच शब्द होता. मराठीत काय म्हणाल? कुणी कट्यार म्हणालं, कुणी बिचवा. कट्यारीचं पातं रुंद, बिचवा नांगीसारखा वाकडा. सरांना दोन्ही पटेनात. मी मागच्या बाकावरून म्हणालो, "दाभण." वर्ग हसला. माझे वडील मोंढ्यात बारदान शिवायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर हसले नाहीत. "उद्या दाभण घेऊन येशील?"

दुसऱ्या दिवशी तो पूर्ण तास त्या दाभणावर झाला. याला धार नाही, सगळं काम टोकाचं, असं म्हणून सर इटलीच्या स्टिलेट्टो नावाच्या खंजिरावर गेले. त्याचंही पातं तिधारी नाहीतर चौकोनी, कापायला निरुपयोगी, पण चिलखताच्या कड्यांतून आत शिरणारं. नाव आलं लॅटिन 'स्टिलस'वरून, म्हणजे मेणाच्या पाटीवर लिहायची टोकदार लेखणी. सीझरने हल्लेखोर कास्काच्या दंडात अशीच लेखणी खुपसली, असं रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवलंय. मग सर परत ओळीवर आले. 'बेअर' म्हणजे उघडा आणि 'बेअर' म्हणजे नुसताही. राजपुत्र म्हणतो, आयुष्याचा 'क्वायटस' करायला नुसत्या दाभणाने भागतं. आणि 'क्वायटस' म्हणजे फारखत, देणं फिटल्याचा कागद. फारखत हा शब्द वर्गात मला एकट्याला आधीपासून माहीत होता!

दाभण परत द्यायला सर संध्याकाळी स्वतः मोंढ्यात आले. "तुमच्या मुलानं आज मला शब्द दिला," म्हणाले. वडील हातातलं पोतं टाकून उभे राहिले. पुढे कितीतरी वर्षं ते हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

आज मी कोर्टाच्या कागदपत्रांचे अनुवाद करतो. एका शब्दासाठी दोन दिवस थांबायची सवय सरांची. मुलीकडे लंडनला गेलो, तेव्हा वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात काचेआड स्टिलेट्टो पाहिला. मुलगी पुढच्या दालनात गेली, मी तिथेच उभा. हे सरांना दाखवायला हवं होतं.

जुनी इमारत पाडली तेव्हा सरांचं शब्दकोशांचं कपाट कुठे गेलं, ते कळलं नाही. त्याचं फार वाईट वाटतं. त्यात आगरकरांचं 'विकारविलसित' होतं, १८८३ साली आलेलं मराठी 'हॅम्लेट'. त्या भाषणाच्या पानात सरांनी खूण म्हणून आमच्याकडच्या सुतळीचा तुकडा घातला होता. कुणाकडे ती प्रत असेल, तर एकदा बघायला मिळावी.